गोजाबाईच्या दारातली काठी

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा निळा रंग आणला, पाण्यात कालवला आणि झालं, अशी सोय नव्हती. निळा रंग रांजणात मुरवावा लागे आणि तो मुरेपर्यंत माणसाला कळ काढावी लागे. लहानांनी ही गोष्ट गंमत म्हणून ऐकावी. मोठ्यांनी मात्र जरा कान देऊन ऐकावी, कारण आपलं स्वतःचं काहीतरी मांडायचं खूळ त्यांच्याच डोक्यात शिरत असतं.

एका नदीच्या काठी रंगाऱ्यांची वस्ती होती. तिथे ठकूमावशी नावाची एक म्हातारी राहत असे. तिच्या अंगणात निळीचे मोठाले रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले होते. तिच्या हातचं लुगडं विरून फाटे, पण त्याचा निळा रंग जात नसे. तिच्याकडे केरबा नावाचा गडी मिसरूड फुटल्यापासून कामाला होता.

केरबा कामाला वाघ होता. खोड एकच, त्याला स्वस्थ बसवत नसे. जेवायला बसला तरी त्याचा गुडघा हलत असायचा. देवळात आरती सुरू झाली की हा चपला शोधायला लागायचा. ठकूमावशीच्या अंगणात ही खोड खपून जाई, कारण तिथे पिळायला, वाळत घालायला, पाणी ओढायला कामाचा तोटा नव्हता.

लग्न झालं आणि केरबाच्या मनानं घेतलं, की आता आपला रांजण मांडायचा. तो मावशीपुढे जाऊन उभा राहिला.

"मावशी, मला इरजण दे."

निळीचा नवा रांजण आपोआप उठत नाही. जुन्या रांजणातलं थोडं पाणी त्यात घालावं लागतं, दुधाला विरजण लावतात तसं. म्हणून रंगारीही त्याला विरजणच म्हणत. वस्तीचा रिवाज असा, की नव्या माणसाला विरजण एकदाच मिळे. त्यावर लावलेला रांजण मेला, तर त्या माणसानं उभ्या जन्मात दुसरा मांडायचा नाही. जुन्या धन्याकडे परत जायचं आणि मरेपर्यंत लोकांचं कापड पिळायचं. रिवाज कडक होता खरा, पण निळीला धसमुसळी माणसं चालत नाहीत हे वस्तीनं पुष्कळ नुकसान सोसून शिकलेलं होतं.

ठकूमावशीनं केरबाकडे पाहिलं. मग त्याच्या हलणाऱ्या पायाकडे पाहिलं.

"देते," ती म्हणाली. "रंग तुला येतो, त्याची मला काळजी न्हाई. तुझ्या हातांची हाय. रांजणाला गूळ दे, टाकळ्याचं बी दे, ऊब दे. सांजसकाळ एकदा ढवळ आन् झाकून ठेव. मधी मधी उघडू नगंस. त्यो आत काय करतोय ते त्याचं त्याला करू दे."

"एवढंच ना?" केरबा हसून म्हणाला.

"एवढंच," मावशी म्हणाली. ती हसली नाही.

नदीच्या खालच्या अंगाला, वस्तीपासून चार कोसांवर एक गाव होतं. तिथे रंगारी नव्हता. केरबानं तिथे रांजण पुरला, त्यात नीळ, चुना, टाकळ्याचं बी आणि गूळ घातला, वरून मावशीचं विरजण ओतलं आणि झाकण ठेवलं. त्याची बायको सगुणा हिनं रांजणाला हळदकुंकू वाहिलं. सगळं कसं यथासांग झालं.

आणि मग केरबाला करायला काही उरलं नाही.

तो ओट्यावर बसला. उठला. रांजणाला फेरी मारून आला. मनात म्हणाला, जरा बघावं, धरलंय का. झाकण उचलून पाहिलं. काही कळलं नाही, म्हणून काठी घालून ढवळलं. झाकण ठेवलं. पाणी प्यायला आत गेला आणि बाहेर येताना पुन्हा उघडलं. गावातलं कोणी ओट्यासमोरून गेलं आणि "काय केरबा, कधी सुरू?" असं म्हणालं, की तो कसंबसं हसून वेळ मारून नेई. तो माणूस वळणावर दिसेनासा होतोय तोच याचा हात झाकणावर.

"अवं, त्याला जरा निजू द्या की," सगुणा म्हणायची.

"तू गप. रांजण मेला तर जल्मभर पिळत बसायचं हाय मला."

त्याच भीतीनं तो उघडत होता आणि उघडून उघडून तीच भीती खरी करत होता. पण हे आपल्याला गोष्टीत दिसतं. जो त्या भीतीत असतो त्याला दिसत नाही, म्हणून त्याला हसू नये.

तरी तो तेवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. त्याच्या कानावर आलं, की पलीकडच्या काठावर एका रंगाऱ्याचं लाल कापड हातोहात जातं. केरबा नदी उतरून बघायला गेला आणि जास्तच बेचैन होऊन परत आला. लोकांचं दुकान धावतंय आणि आपलं अजून कुशीवर वळत नाही! त्यानं विचार केला, चुना थोडा जास्त पडला तर रांजण लवकर उठेल. ओंजळभर चुना टाकला. जीव राहिना म्हणून वर आणखी एक ओंजळ टाकली आणि दणादण ढवळून काढलं.

अशात गोजाबाई आली. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारी ही बाई दही विकायची. तिच्या जिभेला सारं गाव वचकून असे. तिच्या हातात पांढरं, कोरं लुगडं होतं.

"लेकीचं लगीन ठरलंय," ती म्हणाली. "लुगडं निळं पायजे, पक्कं. जमंल का? न्हाईतर न्हाई म्हण. मी ठकूकडं जाते."

खरा रांजण उठला की ओळखू येतो. वर निळा फेस धरतो, खालचं पाणी पिवळट हिरवं होतं. त्यात बुडवलेलं कापड बाहेर काढताना हिरवं दिसतं आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जातं. केरबाच्या रांजणावर फेस नव्हता. "थोडं थांबा," एवढं म्हटलं असतं तरी गोजाबाई थांबली असती. पण पहिलं गिऱ्हाईक दारात उभं होतं आणि याला थांबा हा शब्द कोणालाच म्हणता येत नव्हता, स्वतःलासुद्धा.

"जमंल की!" तो म्हणाला. "उद्याच घेऊन जावा."

लुगडं त्यानं बुडवलं आणि बाहेर काढलं. ते हिरवं नव्हतं. बाहेर येतानाच निळंशार होतं.

हे बरं लक्षण नव्हे हे केरबाला ठाऊक होतं. मिसरूड फुटल्यापासून तो हेच बघत आला होता. पण ठाऊक असणं निराळं आणि त्या वेळी कबूल करणं निराळं. इथलं पाणी वेगळं असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. सगुणाकडे मात्र बघितलं नाही.

गोजाबाई लुगडं बघून खूश झाली. तिनं ते चार आयाबायांना दाखवलं. त्यांनीही आपापलं कापड आणून टाकलं. केरबानं कोणालाच परत पाठवलं नाही. रांजणावर झाकण ठेवायलाही आता फुरसत नव्हती. ओटा भरून गेला. केरबाला वाटलं, जिंकली बाजी.

मग लुगडं पहिल्यांदा पाण्यात पडलं. गोजाबाईनं ते घाटावर बुचकळलं आणि नदीचं पाणी निळं झालं. वर आलं ते राखेच्या रंगाचं, डागाडागांचं काहीतरी. ती तशीच ते ओलं लुगडं घेऊन केरबाच्या ओट्यावर आली. अख्खं गाव मागं होतं.

"केरबा, हे घे तुझं पक्कं निळं!" तिनं लुगडं त्याच्या पायाशी टाकलं. तिच्या तोंडाला मोठी धार होती, पण त्या दिवशी तिनं एक शिवी दिली नाही. "माजी लेक हे नेसून सासरी जानार व्हती रं."

शिव्या दिल्या असत्या तर केरबानं ऐकून घेतल्या असत्या. हे वाक्य त्याला सोसवलं नाही. तो घरात गेला आणि दार लावून घेतलं.

सगुणानं मात्र दुपारीच वस्तीची वाट धरली. ती ठकूमावशीला घेऊनच परत आली. म्हातारी आली, रांजणाशी वाकली, वास घेतला, एक थेंब बोटावर घेऊन चोळला. केरबा खाली मान घालून उभा होता. मावशी जे बोलेल त्यावर त्याचा जन्म ठरणार होता.

"कापड भायेर काढलंस तवा कसं हुतं?"

"निळं," केरबा पुटपुटला.

"आन् ते बघून तुला काय वाटलं?"

केरबा म्हणाला, "भ्या वाटलं. पन सांगायचं धाडस झालं न्हाई."

म्हातारीचा चेहरा थोडा निवळला. "रांजण मेला न्हाई," ती म्हणाली. "दमलाय. तू त्याला डोळा लागू दिला न्हाईस." तिनं आत कोंडा टाकला, गूळ टाकला, वर झाकण ठेवलं आणि भोवती पेंढा दाबून गोणपाट बांधलं. मग हात पुढे केला. "तुजी ढवळायची काठी दे."

"काठी? मग मी ढवळू कशानं?"

"आता ढवळायचंच न्हाई. दे."

काठी घेऊन म्हातारी चालू लागली. ती वस्तीकडे मात्र गेली नाही. गाव ओलांडून सरळ पार पलीकडच्या टोकाला गेली आणि गोजाबाईच्या दारामागे काठी उभी करून आली.

"काठी तिथं हाय," परत येऊन ती म्हणाली. "आठ दिसांनी फेस धरंल. मग सांजसकाळ आनायची, एकदा ढवळायचं आन् तिथंच नेऊन ठेवायची. त्या बाईला विचारून आनायची बरं का."

केरबाचा चेहरा पडला. गोजाबाईच्या दारात जाण्यापरीस जन्मभर पिळत बसणं त्याला सोपं वाटलं. पण म्हातारी निघून गेली होती. रांजण बांधलेला होता. हात मोकळे होते आणि पाय तर कधीच थांबलेले नव्हते. ओट्यावर फेऱ्या मारून मारून जीव नको झाला, तेव्हा ते पायच त्याला गावात घेऊन गेले.

आधी तो सोप्या घरांकडे गेला. "तुमचं कापड माझ्या हातनं बिघडलं. द्या माझ्याकडं, पुन्यांदा करून देतो. फुकट." कोणी दिलं, कोणी दार लावून घेतलं. एकीनं बसवून ताक दिलं आणि निळीचा रंग आपल्याला किती गडद आवडतो ते सांगितलं. केरबाला नवल वाटलं. हे त्यानं आधी कोणालाच विचारलं नव्हतं.

शेवटी ते दार आलं. गोजाबाई दही घुसळत होती. तिनं वर पाहिलंच नाही.

"काठी न्ह्यायला आलास?"

"न्हाई. लुगडं न्ह्यायला आलोय," केरबा म्हणाला. "लगीन कवा हाय?"

"पंधरवडा हाय अजून."

"रांजण उठला तर लगनाआधी देईन. न्हाई उठला तर तसंबी येऊन सांगेन. लपनार न्हाई."

तिनं लुगडं आणून त्याच्या हातात दिलं.

त्यानंतरचे दिवस केरबानं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. रांजणाजवळून जाताना त्याचे हात शिवशिवत. मग तो तसाच उठून गावात जाई. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाला रंग फिका हवा, कोणाचं कापड जाडंभरडं आहे, हे सगळं त्याला आपोआप कळत गेलं. घरी आला की सगुणा विचारी, "उघडलं न्हाई ना?" आणि तो पोरासारखा दोन्ही हात वर करून दाखवी.

एका सकाळी गोणपाट सोडलं, तर रांजणावर निळा फेस दाटला होता. केरबानं गोजाबाईचं लुगडं बुडवलं. घाई केली नाही. दम धरून बाहेर काढलं. ते हिरवं होतं, कोवळ्या पानासारखं. मग वारा लागला. काठावरून निळा रंग चढत चढत पदरापर्यंत गेला. केरबा तिथेच मटकन बसला आणि ओक्साबोक्शी रडला. त्याचा गुडघासुद्धा त्या वेळी हलत नव्हता.

पण तो ते लुगडं तसंच द्यायला गेला नाही. गोजाबाईला घाटावर बोलावलं आणि म्हणाला, "तुम्हीच धुवा. सगळ्यांदेखत."

तिनं बुचकळलं, आपटलं, पिळलं. नदीचं पाणी नितळच राहिलं. गोजाबाईनं लुगडं झटकून उन्हात धरलं, बराच वेळ बघितलं आणि मग घाटावरच्या बायकांकडे वळून खेकसली, "बघताय काय? आना आपापलं कापड!"

पुढे केरबाचा एक रांजण होता त्याचे कितीतरी झाले. मावशी एकदा म्हणाली, "आता काठी घरी ठेव की." त्यानं ठेवली नाही. सांजसकाळ तो गाव ओलांडून गोजाबाईच्या दारात जाई, काठी मागे, आणि ती काठी देण्याआधी कोणाच्या कापडाबद्दल गावात काय बोललं जातंय ते न चुकता ऐकवी. कधी गोड, बहुतेक वेळा तिखट. हळूहळू वस्तीचा जुना रिवाज मागे पडला आणि नवा आला. ठकूमावशीच्या पश्चात विरजण मागायला आलेल्याला एवढंच विचारलं जाई, "काठी कोणाच्या दारात ठेवणार?"

बोध एवढाच: नव्या धंद्यात जिवाची तगमग व्हायचीच, पण ती मुरायला ठेवलेल्या कामात हात घालण्यात घालवू नये, गिऱ्हाईकाच्या दारापर्यंत चालण्यात खर्च करावी.