राक्षसाच्या मुखवट्याची गाठ

"बाबा, एकच सांगा. खेळामुळं पोर बिघडतं की नाही?"

रावजीबाबा ओल्या फडक्याने राक्षसाचा मुखवटा पुसत होते. सुळ्यांमधली धूळ काही केल्या निघत नव्हती.

"बिघडतं," ते म्हणाले.

जयरामने सुटकेचा श्वास सोडला. एवढं ऐकायलाच तो भर उन्हात नाशिकहून गाडी हाणत आला होता.

"म्हणजे दोष त्या खेळाचाच."

"असं मी कवा म्हणलो?"

जयरामच्या कपाळावर आठी उमटली.

बाबांच्या गावात होळीनंतर देवांची आणि राक्षसांची सोंगं नाचतात. राक्षसाचं सोंग बाबांनी उभी हयात नाचवलं, आणि ज्यांना शिकवलं त्यांत जयराम सगळ्यांत तयारीचा. पुढे तो शिकला, शहरात कारखान्यात साहेब झाला. तेव्हापासून त्याला कुठलंही उत्तर 'हो' किंवा 'नाही' असंच लागायचं. त्याच्या हाताखालची माणसं तसं देतही असत, बिचारी.

"नीट सांग काय झालं ते," बाबा म्हणाले.

"माझ्या हर्षलनं खालच्या मजल्यावरच्या सुजयला स्टंपनं मारलं. रोज एकत्र खेळणारी पोरं, बाबा. कुठल्याशा चिडवण्यावरून. सुजय पडला तरी हा थांबला नाही..."

"मग?"

"सुजयचा डोळा गेला."

बाबांचा हात थांबला.

"आणि हा वर आला, हात धुतले, परत मोबाइल घेऊन बसला. त्याच खेळात. त्यात दिवसभर तेच असतं. समोरच्याला मारायचं आणि पुढं जायचं. रक्त उडतं, आणि गुण मिळतात."

"आता कुठं हाय पोरगा?"

"निरीक्षणगृहात. आठवडा झाला. परवा बाल न्याय मंडळासमोर उभं करणार आहेत. वकील म्हणतात, सगळं खेळावर ढकला. मलाही ते पटतं. पण सुजयची आई दारात आली होती. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, कुणी शिकवलं हो तुमच्या पोराला हे?"

त्याने मुखवट्याकडे बोट दाखवलं.

"तुम्ही राक्षस नाचवलात. तुम्हाला कळतं यातलं. तुम्ही म्हणा, खेळानं केलं. मग मी परवा ताठ मानेनं सांगेन."

बाबांनी फडकं पिळलं. पाणी काळं निघालं.

"सोंग अंगात चढतं," ते म्हणाले. "चढत नाय म्हणणारा कधी नाचलाच नाय. मलाबी चढायचं. तलवार हातात आली की समोरचा माणूस माणूस वाटायचा नाय."

"तेच तर म्हणतोय मी!"

"पोराला भेटून आलास?"

"...नाही."

"का?"

"कोणत्या तोंडानं जाऊ? त्या दिवशी पोलीस घेऊन गेले तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं. तो माझा हर्षल नव्हता, बाबा. दुसराच कुणी होता. भीती वाटली मला त्याची."

पोटच्या पोराची भीती वाटते हे बापाला कबूल करावं लागणं वाईटच.

"घरी हाक काय मारता त्याला?"

"हाक?" जयराम गोंधळला. "हर्षल... लहानपणी त्याची आई त्याला 'पिलू' म्हणायची. आता मोठा झालाय. खोलीचं दार लावून बसतो, कानात ते लावलेलं. जेवण तयार झालं की मेसेज टाकतो आम्ही, ये म्हणून."

"एकाच घरात?"

"ऐकूच येत नाही त्याला."

"आन् खेळात?"

"खेळात त्याचं वेगळंच नाव आहे. तिथं कुठकुठली पोरं त्याला त्या नावानं हाका मारत असतात, रात्रंदिवस. त्यांना मात्र 'ओ' देतो."

बाबांनी मुखवटा पुढे धरला.

"घाल."

"आत्ता?"

"घाल. मग सांगतो."

त्या गावाचा एक रिवाज आहे. राक्षसाचं सोंग घेतलेल्याने स्वतःचा मुखवटा स्वतः उतरवायचा नाही. नाच संपला की त्याच्या घरातलं कुणीतरी पुढे येतं. घरच्या नावाने त्याला हाक मारतं, मागची गाठ सोडतं आणि तोंडावर पाणी मारतं. तोवर सोंगाने बोलायचं नाही, जागचं हलायचं नाही. जयरामचे वडील जिवंत होते तोवर ही हाक त्यांची असे. ते गेल्यावर बाबांची.

जयरामने मुखवटा चढवला. बाबांनी मागे गाठ मारली, पाण्याचं मडकं जवळ आणून ठेवलं आणि लाकडी तलवार त्याच्या हातात दिली. मग ओट्यावर बसून ते तळहाताने ताल धरू लागले.

इतक्या वर्षांनी पाय विसरले असतील असं जयरामला वाटलं होतं. पाय काहीच विसरले नव्हते. अंगण हादरायला लागलं. तलवार फिरली, गुरगुर आपोआप घशातून आली. कारखाना, वकील, सुजयची आई, सगळं मागे पडलं आणि त्याला बरं वाटलं. फार दिवसांनी बरं वाटलं.

ताल थांबला.

जयराम रिवाजाप्रमाणे जागच्या जागी उभा राहिला. हाकेची वाट बघत.

बाबा काही बोलले नाहीत.

मुखवट्याच्या आत अंधार होता. जुन्या रंगाचा, दुसऱ्यांच्या घामाचा वास होता. स्वतःचा श्वास परत स्वतःच्याच तोंडावर येत होता. डोळ्यांच्या भोकांतून त्याला मडकं दिसत होतं आणि त्याच्यापलीकडे बाबा. बाबा त्याच्याकडे बघतही नव्हते. खाली मान घालून ते पायातला काटा काढत होते.

"बाबा..."

रिवाज मोडला होता. तरी बाबांनी मान वर केली नाही.

"बाबा, हाक मारा."

...

"चेष्टा पुरे झाली. गुदमरतोय मी."

...

"अहो, ऐकू येतंय ना? इथं उभा आहे मी! माणूस उभा आहे इथं!"

बाबांनी काटा काढला, उजेडात धरून बघितला आणि टाकून दिला.

जयरामला काय झालं ते त्याला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. तलवार वर गेली. ती बाबांच्या डोक्यावर आली असती. कशी कोण जाणे, शेवटच्या क्षणी बाजूला वळली आणि मडक्यावर बसली. मडकं फुटलं. पाणी अंगणभर पसरलं आणि मातीने ते बघता बघता पिऊन टाकलं.

तलवार हातातून गळली. मुखवट्याच्या आत तो रडत होता. बाहेर सुळे तसेच हसत होते.

बाबा उठले. गुडघ्यांवर हात टेकत त्याच्या मागे गेले. त्यांची बोटं गाठीवर आली, पण गाठ लगेच सुटली नाही. ओढून ओढून ती घट्ट बसली होती.

"तुला तर मी एवढासाच वेळ हाक मारली नाय," ते म्हणाले, "जयऱ्या."