रंग सुटतोय, हलू नका

एका तालुक्याच्या गावी जुन्या वस्तूंचं एक संग्रहालय होतं आणि तिथे एक भोळा मदतनीस होता, बारकू. नाटेकर सर मोडकीतोडकी चित्रं, मूर्ती दुरुस्त करायचे, बारकू त्यांच्या हाताखाली राबायचा. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सगळी पंचाईत तिथेच होती.

आल्या आल्या त्याने पितळेची एक पुरातन समई चिंच लावून घासली. लख्ख. सरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, तो काळपटपणा म्हणजे तिचं वय होतं. जुन्या वस्तूवर जे असेल ते असू द्यायचं.

बारकूने मान डोलावली.

मग लाकडी पालखी आली. तिला वाळवी लागली होती. बारकूने ती असू दिली. वाळवी सुखात आहे ना, तेही रोज बघायचा. शेवटी पालखीचा दांडा गळून पडला. सरांनी सांगितलं, कीड दिसली की वस्तू पेटीत घालायची, औषधाची धुरी द्यायची, झाकण लावायचं.

बारकूने मान डोलावली.

मग आलं एका सरदाराचं तैलचित्र. सरदारापुढे आंब्याची परडी आणि एका आंब्यावर हौसेने रंगवलेली माशी. बारकूला माशी दिसली. त्याने चित्र उचललं, पेटीत कोंबलं, धुरी दिली. सरदाराचं नाक पेटीच्या तळाशी सापडलं. माशी होती तिथेच होती.

सरांच्यात ओरडायचं त्राण उरलं नव्हतं. "बारकू, रंग सुटतोय असं दिसलं की वस्तू हलवायची नाही. वर पातळ कागद ठेवायचा, खळ लावायची आणि सुकेपर्यंत हात लावायचा नाही."

बारकूने मान डोलावली.

आता बारकूचा जीव जडला होता फडतऱ्यांच्या रंजनावर. तिच्याशिवाय त्याला घास गोड लागत नव्हता. तिचे वडील दौलतराव म्हणाले होते, मुलाचं डोकं कामात चालतं का ते स्वतः बघतो, मग हो की नाही ते सांगतो.

ते आले ऐन वैशाखात, भर दुपारी, केसांना आणि मिशांना ताजा कलप लावून. सर परगावी गेलेले. पंखा बंद. दौलतराव खुर्चीत टेकले आणि त्यांच्या कानशिलावरून एक काळा ओघळ निघाला. मग मिशीतून दुसरा.

आज चूक करून चालणार नव्हतं.

"मामा, हलू नका. रंग सुटतोय."

दौलतराव दचकून जागच्या जागी थिजले. बारकूने कपाळापासून हनुवटीपर्यंत कागद बसवला आणि वर सढळ हाताने खळ चोपडली. नाकपुड्या तेवढ्या सोडल्या. तो काही निर्दयी नव्हता.

संध्याकाळी तो शीळ घालत घरी आला. आई दारातच उभी होती.

"काय म्हणाले रे रंजनाचे वडील? 'नाही' तर म्हणाले नाहीत ना?"

"छे. ओठसुद्धा हलवला नाही."

"बरं झालं बाई. गेले का गावाला?"

"जातील कसे? अजून सुकतायत."