शाल्मली आणि तीन साप

एका राज्यात एक राजा होता, आणि त्याचे अंग पावलांपासून वर दगड होत चालले होते. राजाचे नाव प्रद्योत. शिकारीला गेला असता त्याने वारुळाबाहेर ऊन खात पडलेला नाग भाल्याने मारला. नागाने फणाही काढला नव्हता. तिथे तप करणाऱ्या जोग्याने ते पाहिले आणि शाप दिला. आधी पावले गेली, मग गुडघे, मग कंबर. आता दगड छातीशी आला होता आणि राजाला श्वास पुरत नव्हता.

राजकन्या शाल्मलीने जोग्याचे पाय धरले. जोगी म्हणाला की शाप मागे घेता येत नाही, पण त्याला उतारा आहे. राजाच्या रक्ताच्या माणसाने अडचणीतले तीन साप नुसत्या हातांनी सोडवावेत, तेही आज दिवस मावळायच्या आत. आणि सापाशी खोटे बोलू नये.

शाल्मलीला सापाची भारी धास्ती. रानात शिरताना ती प्रत्येक पाऊल बघून टाकत होती. करवंदीच्या जाळीत एक भारद्वाज पक्षी बसला होता. तिने त्याला सापांकडे जायची वाट विचारली.

"मी सापाची पिल्ले खातो," भारद्वाज म्हणाला. "ते कुठे असतात, मला ठाऊक आहे. चल."

ओढ्याकाठी पाखरे धरायच्या जाळ्यात एक लांबलचक साप गुरफटला होता. दोरा कातडीत रुतला होता. शाल्मली एकेक गाठ सोडवू लागली, तसा तो तिच्या अंगठ्याला डसला. रक्त आले. पण शेवटची गाठ सुटेपर्यंत तिने हात काढला नाही. साप निघून गेल्यावर तिने विचारले, आता मी मरणार का?

"ती धामण होती," भारद्वाज म्हणाला. "धामणीला विष नसते."

"आधी का नाही सांगितलेस?"

"तू विचारले नाहीस."

पुढे कातळाखाली अजगर पडला होता. जुनी कात डोळ्यांवर चिकटून राहिल्याने तो आंधळा झाला होता, उपाशी होता. शाल्मलीने ओंजळीने पाणी आणून कात भिजवली आणि बोटांनी हळूहळू सोलली. अजगराने तिच्या दंडाला विळखा घातला. हात काळानिळा पडला, बोटे बधिर झाली. दुसरा डोळा मोकळा झाला तेव्हा अजगराने तिच्याकडे पाहिले आणि विळखा सैल केला.

ऊन कलले होते. एका कोरड्या टाक्यापाशी भारद्वाज थबकला. यापुढे मी येत नाही, म्हणाला, आणि उडून गेला.

टाक्याच्या भिंती गुळगुळीत होत्या. तळाशी नागीण होती, उन्हाने मलूल झालेली. शाल्मली काठावर पालथी पडली आणि तिने हात खाली सोडला.

"तू कोणाची?" नागिणीने विचारले.

शाल्मलीला वाटले, गप्प राहावे. पण ती म्हणाली, "राजा प्रद्योताची."

"माझा जोडीदार ज्याने मारला, त्याची?"

"हो."

"मग हात कशाला देतेस?"

"माझे वडील मरायला टेकले आहेत. आणि तू इथे मरशील. दोन्ही खरे आहे."

नागीण हातावर चढली. थंड अंग मनगटावरून, कोपरावरून वर सरकले. खांद्यावर येऊन तिने फणा उभारला, गालाला लागेल इतका जवळ. सूर्य डोंगराला टेकला होता. शाल्मलीने डोळे मिटले नाहीत.

"मी त्याला क्षमा करत नाही," नागीण म्हणाली, आणि उतरून गवतात दिसेनाशी झाली.

शाप सुटला की नाही, हे सांगायला तिथे कोणी नव्हते. शाल्मली धावत सुटली. राजवाड्यात सामसूम होती. तिने महालाचे दार ढकलले.

आत राजा पलंगाच्या कडेला बसला होता, जमिनीवर पावले टेकून. अजून उभे राहायचे त्याला धाडस होत नव्हते. तिने रानातले सगळे सांगितले, नागिणीचे शब्दही सांगितले. राजाने प्रधानाला बोलावले. मग त्याने फर्मान काढले की त्या रानात यापुढे कोणी शस्त्र नेऊ नये, राजानेही नाही.

प्रधान गेल्यावर तो हळूच म्हणाला, "शाल्मली, मी शौर्याने भाला मारला नव्हता. मी घाबरलो होतो."

"मीही घाबरले होते, तात," ती म्हणाली, आणि त्याला उभे करायला तिने तोच काळानिळा हात पुढे केला.