तळव्याचे छिद्र

एका राज्यात, जिथे जादूगारांचा धाक राजदंडाहून मोठा होता, कमळजा नावाची एक मूर्तिकार राहत होती. जे प्राणी विधात्याला सुचले नाहीत, ते ती मातीतून घडवी: मोरपिसांचे कासव, तीन शिंगांचे मांजर, बगळ्याच्या मानेचा सिंह. भट्टीत भाजून, झिलई देऊन ती ते बाजारात मांडी. त्यांवरच तिची चूल पेटे.

“बाई, हे दूध देते की अंडी?” शेजारचा गूळवाला दामाजी रोज विचारी.

“तुमच्यासारखी बडबड करीत नाही, एवढा गुण पुरे नाही का?” कमळजा म्हणे. गिऱ्हाईक मात्र क्वचितच थांबे.

एकदा राजा वज्रकेतूने लोभापायी कृतांतक जादूगाराच्या गुहेतला शापित रत्नहार आणला. राजकन्या हेमकलेने तो गळ्यात घातला आणि तत्क्षणी ती कच्ची माती झाली. आतून पोकळ, बाहेरून ओली. कृतांतकाने निरोप धाडला, “अग्नीतून पार पडेल, तर जगेल.”

मडकी घडवणाऱ्यांनी हात जोडले. एवढी पोकळ आकृती त्यांनी कधी भाजली नव्हती. पोकळ प्राणी भाजणाऱ्या कमळजेस राजाने बोलावले. तोवर राजकन्येच्या अंगाला तडे जाऊ लागले होते.

कमळजेच्या भट्टीवर एक साळुंकी राही. तिला माणसांची भाषा अवगत होती. ती म्हणाली, “तडे पाताळतळ्याच्या पाण्यानेच बुजतील. भट्टी ज्वालागिरीच्या निखाऱ्यानेच पेटेल. आणि भाजणे तुझ्याच हातून होईल. ही तीन कामे, कमळजे.”

“तळ्यात नाग, गिरीवर राक्षस. मी कशी जाऊ?”

“ज्यांना तू श्वासाची वाट ठेवलीस, त्यांना धाड.”

साळुंकीने पंख फडकावले. मातीच्या प्राण्यांच्या पोटाखाली जी इवली छिद्रे होती, त्यांतून वारा आत शिरला. कासव चालू लागले. सिंहाने मान ताठ केली. दामाजीच्या तोंडातला गूळ तोंडातच राहिला.

कासव तळ्यात उतरले. त्याच्या पिसांचे रंग पाहण्यात नाग दंग झाला, तोवर कासवाने पाणी आणले. सिंहाने आपली लांब मान ज्वालागिरीच्या विवरात घातली आणि राक्षसाच्या चुलीतला निखारा उचलला. तडे बुजले, सरपण रचले गेले. मग कमळजेने बांबूची टोकदार काडी हाती घेतली.

“हे काय?” राजा गरजला.

“महाराज, पोकळ मातीला छिद्र नसेल, तर आतली वाफ कोंडते आणि मूर्ती फुटते. जादूगार त्याचीच वाट पाहत आहे.”

“माझ्या लेकीच्या देहाला काडी टोचशील, तर हात तोडीन!”

कमळजेने आपल्या हातांकडे पाहिले. तिची चूल, तिचे सिंह, तिची कासवे, सारे त्या दहा बोटांत होते. तिने राजकन्येच्या डाव्या पायाच्या तळव्याला छिद्र पाडले आणि काडी राजापुढे ठेवली.

“छिद्र पाडले आहे. कुमारी उठल्या नाहीत, तर हे हात आपले.”

भट्टी पेटली. ज्वाळांतून एक बारीक शीळ निघाली. कोंडलेली वाफ वाट काढीत होती. सारे नगर श्वास रोखून ऐकत राहिले. शीळ थांबली. धग निवली. कमळजेने एकेक वीट काढली, आणि आतून आवाज आला, “आई गं, माझ्या तळव्याला गुदगुल्या होत आहेत!”

शाप उलटला. रत्नहाराची राख झाली आणि आपल्या गुहेत कृतांतक मातीचा झाला. त्याच शापाची धग त्याच्या अंगात पेटली आणि तो फुटला. त्याला छिद्र पाडणारे कोणी नव्हते.

राजाने काडी उचलून कमळजेच्या हाती परत दिली. “हे हात सांभाळ, बाई,” एवढेच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दामाजी तिच्या दुकानापुढे घुटमळला. “ते तीन शिंगांचे मांजर... आहे का अजून?”

“आहे. दूध देत नाही.”

“असू दे,” तो म्हणाला, आणि मांजर त्याने हळूच उलटे करून पाहिले.

तेव्हापासून त्या राज्यात मातीचा प्राणी घेणारा आधी त्याचे छिद्र पाहतो, मग मोल विचारतो; आणि राणी झालेली हेमकला सिंहासनावर बसण्यापूर्वी डावे पाऊल मातीवर टेकवते.