मास्तरांची प्रदक्षिणा

कऱ्हाडच्या धोंडीशेठच्या तोंडी लागायला गावातले मेकॅनिकही भीत. त्याच्या गॅरेजात विकायला असलेली जुनी स्पोर्ट्स बाईक बघायला शर्वरी दबकतच आली. फ्रेम वाकडी निघाली तर सगळी शिल्लक पाण्यात जाणार होती.

"गाडी पडलेली नाही ना?" तिने चाचरत विचारलं.

शेठने पान गालात सरकवलं. "रिटायर मास्तरांची गाडी आहे. घर ते मारुतीचं देऊळ, यापलीकडे गेली नाही. साधी खरचटलेलीसुद्धा नाही. माझ्या शब्दावर शंका असेल तर रस्ता मोकळा आहे."

शर्वरी बिचकली, तरी खाली वाकलीच. रंग नवा होता. डावी बाजू कोरी होती. उजवीकडे मात्र फूटरेस्ट आणि सायलेन्सर खालून पार घासले होते.

ती उठून उभी राहिली.

"शेठ, मास्तर मारुतीला प्रदक्षिणाही गाडीवरूनच घालायचे का? उजवीकडे वळून वळून तेवढीच बाजू घासलीय, म्हणून विचारलं."

गॅरेजमधले मेकॅनिक तोंड फिरवून हसायला लागले. शेठने बाहेर जाऊन पान थुंकलं आणि परत आला.

"चालवायचा मास्तरांचा नातू," तो हळूच म्हणाला. "बसा ताई. आधी फ्रेम तपासू, मग भावाचं बोलू."