धुरपाबाईला न्यायला

एक होती येसू. राणीबिणी नव्हती, घरच्यांना रांधून वाढणारी साधी बाई होती. तिच्या सासूचे गुडघे दुखायचे. म्हणून येसू, नवरा रंभाजी, सासू आणि दोन पोरी बैलगाडीत बसून डोंगरावरच्या गावी गेले. तिथं गरम पाण्याची कुंडं होती. पाणी गरम कशानं? तर गावाच्या डोक्यावर जळता डोंगर होता. पोटात आग, तोंडातून धूर. गाव त्या डोंगराला धुरपाबाई म्हणायचं. आणि ती बोलायची, बरं का.

सासू तीन दिवस कुंडात बसली. गुडघे मोकळे झाले. निघताना सगळ्यांनी धुरपाबाईला नमस्कार केला. येसू सवयीनं बोलून गेली, "येतो हं बाई. या एकदा आमच्याकडं, चार दिवस राहायला."

आपण म्हणतोच की असं. कोण लगेच येतंय?

पण धुरपाबाईला जन्मात कुणी 'या' म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "आलेच." आणि उठली. मग धोंडे गडगडले. मग राख पडायला लागली. मग आगीचा ओघ निघाला उतारानं. येसूच्या घराची वाट तर गावाच्या मधूनच जात होती. लोक पोरंबाळं उचलून पळत सुटले.

रंभाजी म्हणाला, "घे. वाढ आता तिला जेवायला."

"तुम्ही गप बसा आधी."

मग रंभाजीनंच हात जोडले. "बाई, आमचं घर लहान आहे."

"मी कोपऱ्यात बसेन."

मग सासू म्हणाली, "आमच्यात कोरडी भाकर असते, बाई."

"चालेल. मीच भाजीन."

आग पहिल्या घराच्या अंगणात आली. गाव जळालं तर ते येसूच्या तोंडामुळं जळणार होतं. मग तिनं पदर खोचला आणि आडवी उभी राहिली.

"कुठं निघालात?"

"तूच बोलावलंस."

"बोलावलं. आमचं घर तुमचं माहेर. पण मुराळी आला का न्यायला? न्यायला माणूस आल्याशिवाय बाई माहेरी निघते का? लोक म्हणतील, हिला कुणी विचारत नाही, आपली आपण आली."

धुरपाबाई थबकली. लाजली. आग अंगणातच काळी पडली, दगड झाली.

"मग मुराळी कधी येईल?"

"पुढच्या वर्षी, संक्रांत झाली की. शब्द दिला."

परतताना रंभाजीनं विचारलं, "जाणार कोण?"

"तुम्ही. भाऊ म्हणून."

येसूनं शब्द पाळला. पुढच्या वर्षी सगळे गेले. रंभाजी लुगडं-चोळी घेऊन पुढं झाला. सगळं गाव बघत होतं. "धुरपाक्का, चल. न्यायला आलोय."

धुरपाबाईनं आधी गावाकडं बघितलं. सगळे बघताहेत ना, याची खात्री केली. मग म्हणाली, "अरे दादा, आत्ता कशी येऊ? चूल पेटलीय माझी. पेटती चूल कुणावर टाकू? तू आलास, यातच आलं सगळं. पुढच्या वर्षी ये. नक्की ये."

तेव्हापासून दर वर्षी ते न्यायला जातात. दर वर्षी तिची चूल पेटलेली असते. गाव सुखात, ती सुखात, येसूही सुखात.

आता डोळे मिटा. कोण चुळबुळ करतंय, ते दिसतंय मला.