एकेचाळीस दिवळ्या आणि वाफेचं मशीन

सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

"म्हणजे माझी बेरीज चुकली म्हणताय का बाबा?" वनिता भांगरे ताठ मानेनं विचारत होती. खिंड चढून आल्यानं तिला धाप लागली होती, तरी वही तिनं पुढंच धरलेली.

समोर दस्तगीरबाबा बसले होते. खिंडीतल्या दर्ग्याची राखण करणारे फकीर. त्याआधी तीस वर्षं वायरमन होते, विजेच्या खांबांवर चढण्यात जन्म गेला. म्हणून आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं नवसाला यायची आणि येताना बंद पडलेला मिक्सरही आणायची.

"बेरीज बरोबर आहे," बाबा म्हणाले. "शाळेत गणिताला कशी होतीस?"

"सातवीपर्यंत पहिला नंबर सोडला नाही."

"दिसतंय."

वनिताला जरा बरं वाटलं. दोन दिवस खपून तिनं ती यादी केली होती. घरातली एकेक वस्तू उलटी करून पाठीवरचा वॅटचा आकडा उतरवून घेतला होता. फ्रीज, टीव्ही, मिक्सर, दोन पंखे, इस्त्री, पाण्याची मोटर. शिवाय धरणाच्या काठावर पाहुण्यांसाठी लावलेल्या त्यांच्या सहा तंबूंतले दिवे. सगळ्यांत खाली, पानात जागा उरली नव्हती म्हणून आडवं लिहिलेलं, लेकीचं वाफेचं मशीन.

"तीन हजार एकशे चाळीस," ती म्हणाली. "म्हणून सोलरची वीज साठवायचा डबा तीन हजाराच्या वरचाच हवा. आमच्या चुलतदिराची जीप बाराला शहरात जाणारे. येताना तो आणेल. तुम्ही फक्त हो म्हणा."

बाबा हो म्हणाले नाहीत.

अंगणात चार वर्षांची ईश्वरी बाबांच्या शेळीला पाला भरवत होती. शेळी खात होती त्यापेक्षा जास्त पाला ईश्वरीच शेळीच्या डोक्यावर ठेवत होती.

"हिच्यासाठी?" बाबांनी विचारलं.

वनिता मान खाली घालून म्हणाली, "मागच्या महिन्यात वादळात दोन दिवस लाईट नव्हती. हिची छाती भरून आली. मशीन हाताशी, औषध हाताशी... आणि प्लगात काही नाही. हिचे वडील तंबूवर. कुणाच्या तरी मोटारसायकलवर सतरा किलोमीटर दवाखान्यात नेली."

"आता कशी आहे?"

"आता बरीये. मीच झोपत नाही. छातीवर हात ठेवून पडते."

बाबा उठले, आणि दर्ग्याच्या भिंतीकडे गेले. त्या भिंतीत दिवे ठेवायच्या दिवळ्या होत्या, ओळीनं, काजळीनं काळ्या झालेल्या.

"मोज."

वनितानं मोजल्या. "एकेचाळीस."

"एका दिव्याला दिवसाला एक पळी तेल. मला रोज किती लागतं?"

"एकेचाळीस पळ्या." उत्तर तोंडातून असं निघालं, जणू गुरुजी छडी घेऊन उभे होते.

बाबा हसायला लागले. हसता हसता त्यांनी बोट दाखवलं. उजव्या कोपऱ्यात खालच्या दिवळीत एकच दिवा जळत होता. दिवसाउजेडी, बारीकसा.

"एक पळी," ते म्हणाले. "बाकीचे चाळीस, कुणी आलं तर."

"आणि उरुसाला?"

"उरुसाला लोक आपापलं तेल घेऊन येतात. इथली रीतच आहे ती. आणि लावले तरी खिंडीतला वारा निम्मे विझवतो."

वनितानं भिंतीकडे पाहिलं. मग वहीकडे...

"म्हणजे मी दिवळ्या मोजल्या, जळणारे दिवे नाही."

बाबांनी शेळीला हाक मारली. शेळीनं लक्ष दिलं नाही.

"बरं, पाठीवरचा आकडा म्हणजे घास केवढा," ते म्हणाले. "किती वेळ जेवायला बसणार, ते कुठं लिहिलंस?"

ते तिनं लिहिलंच नव्हतं. वनिता पायरीवर बसली. दातांनी पेनचं टोपण काढलं आणि सपासप रेघा मारायला लागली. इस्त्री गेली. मोटर गेली, हापसा आहे. मिक्सर गेला, पाटा आहे. टीव्ही जाताना हात जरा थांबला, पण गेला. फ्रीज गेला. पंखे गेले. तंबू गेले.

शेवटी एकच ओळ उरली. तिनं वही वर धरली, जणू काही दानच केलं.

"मशीन एकशे वीस वॅटचं. एका वेळेला दहा मिनिटं, दिवसातून चारदा. म्हणजे चाळीस मिनिटं. ऐंशी झाले, ऐंशी वॅट-तास. एवढंच हवं मला. बाकी काही नको."

"औषधाचे थेंब अंधारात मोजशील?"

तिनं वर धरलेली वही खाली घेतली.

"आणि दवाखान्याला फोन? ओरडून?"

"तुम्ही दोन्हीकडून चूकच काढताय की बाबा."

"तीन हजार म्हणालीस तेव्हाही तू घाबरलेली होतीस. ऐंशी म्हणालीस तेव्हाही." बाबा चुलीकडे वळले. "चहा घे. दूध शेळीचंच आहे, नाक मुरडू नको."

वनितानं नाक मुरडलंच. पण प्यायली. गरम चहानं जीव जरा थाऱ्यावर आला, आणि तिनं नवं पान उघडलं.

मशीनचे ऐंशी. नऊ वॅटचे दोन दिवे पाच तास, नव्वद. फोनला तीस. एक लहान पंखा, चाळीस वॅटचा, सहा तास... दोनशे चाळीस. सहा तंबूंत पाच-पाच वॅटचा एकेक दिवा, चार तास, एकशे वीस. बेरीज पाचशे साठ.

"वाटेत सांडतं," बाबा म्हणाले. "डब्यातून तारेत, तारेतून मशीनमध्ये. पाव भाग जास्त धर."

"सातशे."

"आणि भरणार कोण?"

"ऊन. दोनशे वॅटची सोलरची प्लेट घेतली, पाच तास चांगलं ऊन मिळालं तर हजार." ती थांबली. "तिथंही सांडत असेल ना?"

"शिकलीस."

"मग सातशे तरी. जेवढं संपेल तेवढं परत भरेल." तिच्या आवाजात आता पहिला नंबर परत आला होता. पण लगेच कपाळाला आठी पडली. "आणि ढग आले तर? ऊनच नाही निघालं तर? म्हणूनच तर मी मोठा म्हणत होते बाबा. वादळातच लाईट जाते, आणि वादळातच ऊन नसतं."

ह्यावर बाबा काय बोलणार, म्हणून ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

बाबा म्हणाले, "वादळात तुझ्या तंबूत कोण असतं?"

"कुणी नसतं. पाहुणे पळून..."

ती मध्येच थांबली. पानावर वाकली. तंबूंचे एकशे वीस खोडले. वादळात गारठा, पंखा कुणाला हवाय. दोनशे चाळीस खोडले. उरले दोनशे. पाव भाग सांडायला धरला, अडीचशे.

"हजाराचा डबा घेतला..." ती हळूच म्हणाली, "तर चार दिवस. चार दिवस ऊन नसलं तरी पोरीचं मशीन चालतंय." मग ती हसली, आणि हसताना डोळे पुसले. "बाबा, चार दिवस हो. आमच्याकडे लाईट दोनच दिवस गेली होती."

"वजन?"

"हजाराचा बारा किलो. दुकानातल्या कागदावर लिहिलंय. तीन हजाराचा अडतीस." तिनं वहीत ठेवलेला तो कागद पुन्हा एकदा बघितला. "अडतीस किलो. हिचे वडील तंबूवर असले तर तो मला हलणारसुद्धा नव्हता."

"आणि बारा?"

"बारा काय, भरलेला हंडा जड असतो त्यापेक्षा."

ती उठली. बाबांनी तिथंच पडलेली सिमेंटची पिशवी दाखवली, तळाला बारा-एक किलो वाळू उरलेली. वनितानं पदर खोचला, पिशवी डोक्यावर घेतली आणि दर्ग्याला एक वळसा घातला. ईश्वरी मागून पळत आली. तिच्या मागून शेळी. पाल्याचं एक डहाळं अजून शेळीच्या शिंगात अडकलेलं.

"आई, तू पडशील."

"नाही पडत ग."

दुसरा वळसा तिनं उगाचच घातला. नुसती मजा म्हणून.

पिशवी खाली ठेवली तेव्हा साडेदहा झाले होते. जीप बाराची. खाली उतरायला पाऊण तास. वनितानं नव्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, हजार वॅट-तासाचा डबा, दोनशेची प्लेट. खाली दोन रेघा ओढल्या. जुनं पान फाडून चुलीत घालायला गेली, तर बाबांनी ते हातातून काढून घेतलं, त्याची होडी केली आणि ईश्वरीला दिली.

"बाबा, मी काय देऊ?" वनितानं विचारलं. "तेल आणू का? आमच्या वाडीतल्या बायकांना सांगते, दस्तगीरबाबांनी हजाराचा सांगितलाय म्हणून. सगळ्या तोच घेतील."

बाबांनी पहिल्यांदाच घाईनं हात हलवला.

"मी कुठं सांगितलाय?"

"मग?"

ते तिला खिंडीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. खाली धरणाचं पाणी उन्हात लखलखत होतं, आणि काठाला सहा तंबू, पिठाच्या गोळ्यांएवढे. तिकडे बघत बाबा म्हणाले,

"वाटेत चार घरं लागतील. चारही घरी थांब. लाईट गेली तर आधी काय लावाल, एवढं विचार, आणि त्यांनाही पुढच्या घरी विचारायला सांग... तुझा आकडा मात्र कुणाला सांगू नको, ज्याचा त्याला काढू दे."